कार्ड उघडल्यावर गाणं वाजलं, तर ते खेळणं होतं का?

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार. नागपुरात बर्डीवर माझं भेटवस्तूंचं छोटं दुकान आहे. व्हॉट्सअ‍ॅपने ग्रीटिंग कार्डांचा धंदा बराचसा खाल्ला. जो उरलाय, तो जरा वेगळ्या कार्डांवर: उघडलं की गाणं वाजणारं, नाहीतर व्हिएतनामहून येणारं, ज्यातून कागदाचं कमळ उभं राहतं. लेझरने कापलेल्या पाकळ्या, नखाएवढ्या. आत अक्षरही नसतं, आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. आपल्या हाताने दोन ओळी लिहिता येतात.

नागपूरला समुद्र नाही. इथल्या डेपोत कंटेनर येतात, पण माझ्यासारख्याचा माल कधी अख्खा कंटेनर भरत नाही, म्हणून तो बंदरातच सोडवून ट्रकने आणतो. मागे एका खेपेत ही दोन्ही कार्डं होती. बिल ऑफ एंट्रीत (सीमाशुल्क खात्याला द्यायच्या आयातपत्रात) दोन्हींसमोर 4909 00 10 टाकला, म्हणजे ग्रीटिंग कार्ड आणि लग्नपत्रिका यांचा कोड. चौथ्या दिवशी सीमाशुल्क खात्याकडचं काम बघणाऱ्या एजंटचा फोन. "भाऊ, क्वेरी आली जी. गाण्याच्या कार्डाला खेळणं का म्हणू नये, अन् कमळाच्या कार्डावर शुभेच्छा कुठी छापल्या, असं विचारून राहिले."

ऐकून हसू आलं, पण हिशेब केल्यावर गेलं. कार्डावर मूळ सीमाशुल्क 10 टक्के. खेळण्यांवरचं शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. वर जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं. वाढदिवसाच्या कार्डाला ते कुठून आणू?

गाण्याच्या कार्डाबद्दल कायदा मला स्वच्छ वाटतो. 4909 मध्ये शुभेच्छा किंवा संदेश छापलेली कार्डं येतात, सोबत पाकीट असो-नसो, सजावट असो-नसो. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात फिती, दोऱ्या, गोंडे, भरतकाम, इतकंच काय, ओढल्यावर बाहेर येणारी चित्रंही धरली आहेत. आपल्या लग्नपत्रिकेला गोंडा लावतात, वर धातूचा गणपती डकवतात. तिला कोणी मूर्ती म्हणत नाही. बटणाएवढी बॅटरी आणि चिप त्याच जातीची. लहान मूल कार्ड उघड-मीट करत बसेल हे खरं, पण मूल पातेल्याशीही खेळतं.

कमळाचं मात्र सोपं नाही, हे मी कबूल करतो. कोडाच्या शब्दांत 'छापलेलं' आहे आणि 'शुभेच्छा' आहे. माझं कमळ कापलेलं, आणि शुभेच्छा लिहिणार गिऱ्हाईक. त्याला सीमाशुल्क दरपत्रकाच्या 48 व्या प्रकरणातली 'कागदाची इतर वस्तू' म्हणावं असं कोणाला वाटलं, तर त्या अधिकाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. फक्त एवढंच की ते पाकिटासकट विकलं जातं आणि ते देण्याखेरीज त्याचा दुसरा उपयोग मी अजून पाहिलेला नाही.

अकरा दिवसांनी गाण्याचं कार्ड 4909 मध्येच सुटलं. कमळासाठी एजंट म्हणाला, अधिकाऱ्यांचा कोड मान्य आहे असं लिहून द्या आणि माल काढा. दिलं. नसतं दिलं, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे कारणांसह आदेश 15 दिवसांत मिळायला हवा होता. पण तितके दिवस गोदामाचं भाडं चढत राहतं. एकदा लेखी मान्य केलं की तो आदेश मागायची सोय संपते.

चार महिन्यांनी तेच कमळ, त्याच पुरवठादाराकडून, पुन्हा आलं. या वेळी कागद दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्यापुढे गेले आणि एकही प्रश्न न विचारता 4909 मध्ये पास झाले. आता माझ्या एकाच मालाचे सरकारदरबारी दोन कोड आहेत. उद्या कोणी जुन्या खेपा तपासल्या आणि कलम 28 खाली, कमी भरलेलं शुल्क मागणारी, दोन वर्षांपर्यंत मागे जाणारी नोटीस काढली, तर मी कोणत्या कागदावर बोट ठेवू? 2020 पासून फेसलेस मूल्यांकन आलं, म्हणजे कागद कुठल्याही शहरातला अनोळखी अधिकारी तपासतो; ते मला आवडतं. ओळखीपाळखीचा कारभार त्याने कमी झाला. पण अधिकारी दर वेळी नवा असेल, तर उत्तर तरी एक हवं.

यावर कोणी म्हणेल, अ‍ॅडव्हान्स रूलिंग घ्या, म्हणजे माल आणण्याआधीच कोडाचा अधिकृत निकाल. घेता येतं. शुल्क 10,000 रुपये, मुदत तीन महिने, आणि निकाल लागू फक्त अर्ज करणाऱ्याला. इतवारीतल्या दुसऱ्या दुकानदाराने तेच कमळ आणलं, तर त्याने पुन्हा 10,000 भरायचे. आमची अख्खी खेपच लाख-दीड लाखाची असते, महोदया.

वर्गीकरणात देशभर एकसारखेपणा राहावा म्हणून सूचना काढायचा अधिकार कलम 151ए ने आपल्या मंत्रालयाखालच्या अप्रत्यक्ष कर मंडळाला दिलाच आहे. कार्डांवर त्याखाली एक पानाचं परिपत्रक काढायला सांगा. गाणारं कार्ड, कोरं कार्ड, कापलेलं कार्ड, तिघांचा निकाल नावानिशी. कमळ 48 मध्ये टाकलंत तरी चालेल, मी तसं भरीन.

नवीन वर्षाची माझी खेप ऑक्टोबरअखेर निघते. तोवर काही आलं नाही, तर तिच्यावरही मी 4909 00 10 च लिहिणार आहे.

आपला,
बर्डीवरचा एक दुकानदार, नागपूर