इन्व्हर्टर घेताना तिसरा प्रश्नही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी धायरीत पंखे, फ्रिज, पाण्याचे पंप दुरुस्त करतो. वळवाचे पहिले पाऊस पडून गेले, फांद्या तारांवर कोसळून चार-दोन वेळा वीज गेली, की माझ्याकडे येणाऱ्या वस्तूंत इन्व्हर्टरने बिघडलेल्या वस्तू हमखास असतात. दोष द्यायचा तो मात्र सगळे विजेच्या ‘झटक्या’ला देतात.

दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारते : किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची क्षमता) आणि केवढ्याला? वेव्ह कोणती, हे कोणी विचारत नाही आणि विचारल्याशिवाय सांगतो कोण! मेन लाइनची वीज सेकंदाला ५० वेळा लाटेसारखी अलगद वर-खाली होते, ती साइन वेव्ह. स्वस्तातला इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्ह देतो. त्यात व्होल्टेज एकदम चढते आणि एकदम उतरते. एलईडी दिवे, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर यांचे त्यावर सहसा भागते, कारण ते आलेली वीज आत डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करूनच वापरतात. खरी रड मोटरची. पंखा घुं घुं करू लागतो आणि आपण ‘इन्व्हर्टरवर असाच चालतो’ म्हणून सोडून देतो. त्या घरघरीबरोबर कॉइलही जास्त तापत असते. असे पंखे उघडले की वाइंडिंगवरचे वार्निश करपलेले दिसते, नख लावले तर पापुद्रा निघतो. शेजारचा कपॅसिटर फुगलेला.

फ्रिजचे आणखी वेगळे. चालताना तो शे-दीडशे वॉट घेतो, पण जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट मागतो. इन्व्हर्टरच्या खोक्यावरचे ९०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात साधारण ७०० वॉट. त्यावर तीन पंखे आधीच चालू असतील, तर फ्रिज नुसता कण्हतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. तास-दोन तास वीज नसली तर फ्रिजला हातच लावू नका. दार बंद ठेवले तर आतले दूध तेवढा वेळ टिकते. आणि एवढ्या लोडला १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६०-७० अँपिअर करंट ओढला जातो. स्वस्त संचासोबतची काडीसारखी वायर आणि ढिला टर्मिनल तिथेच वितळतात.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे यंत्र) असेल तर काटकसर इथे बिलकूल नको. त्यातही कॉम्प्रेसरच असतो आणि तो तासन् तास चालतो. त्याला साइन वेव्हच हवी, शिवाय भरलेला सिलिंडर जवळ हवा.

काही घरांत मी दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर पाहिली आहे. इन्व्हर्टरची वीज सॉकेटमधून उलटी घरभर खेळवायची ही युक्ती. एक प्लग निघाला तर त्याच्या उघड्या पिना जिवंत असतात. मेन स्विच चालू राहिला तर वीज बाहेरच्या तारांवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. इन्व्हर्टरचे वेगळे सर्किट काढायला वायरमनला लागतो जेमतेम एक दिवस. पण तो खर्च ऐकूनच लोक नाक मुरडतात.

दुकानदारांना विनंती एवढीच, की बिलावर वेव्ह कोणती आणि वॉट किती, दोन्ही लिहून द्यावे. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत भाव करताना आपण पुणेकर अर्धा तास घासाघीस करतो; त्यातली दोन मिनिटे हे लिहून घेण्यात घालवावीत. लिहून द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर पुढच्या दुकानात जावे.

— एक दुरुस्ती कारागीर, धायरी, पुणे