रजबची तारीख वाचवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना नुसतं ‘बाई’ म्हणतात. तुमच्या मेक्सिकोतल्या ‘माएस्त्रा’ला हाच शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो. आणि पत्र मराठीत आहे, कारण तुम्हीच तसं बजावलं होतंत. २०१७ साली माझ्या पहिल्या मेलची सुरुवातच मोडक्या इंग्रजीबद्दलच्या माफीने झाली होती. तुमचं उत्तर आलं, ‘माफी कसली? इंग्रजी मीही शिकूनच घेतली आहे. तू तुझ्या भाषेत लिही, समजून घ्यायचं माझ्याकडे लागलं.’ आभार मानायला सात-आठ वर्षं लावली, पण ते निदान मनापासून, माझ्या भाषेत मानते आहे.

तेव्हा आम्ही युरोपातल्या एका प्रकल्पासाठी मोडी पत्रं वाचून देत होतो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि कोर्टातून निवृत्त झालेले आमचे अण्णा. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जायचं. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानेच ओळखायचं. अण्णा ते भिंग न घेता वाचतात. त्यांनी वाचलेलं मी तिकडून आलेल्या तक्त्यात भरायची. तक्त्यात तारखेला तीनच रकाने होते: दिवस, महिना, इंग्रजी साल.

आणि समोरच्या पत्रावर होतं, ‘छ २५ रजब, सु॥ समान खमसैन मया व अलफ’. छ म्हणजे चंद्र, रजब हा हिजरी महिना. पुढचे आकडे अरबी शब्दांत: आठ, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११५८. हे साल मृगापासून सुरू होतं. त्यात ५९९ मिळवले की १७५७ चा मृग येतो. तिथून पुढचा रजब कुठे पडतो ते बघायचं, की हाती एप्रिल १७५८ लागतो. तक्त्याला फक्त हे शेवटचं उत्तर हवं होतं. मधलं सगळं, म्हणजे मराठी कारकुनाच्या लेखणीतून उतरलेले अरबी आकडे आणि शेतकऱ्याच्या मृगावर बेतलेलं वर्ष, कुठेच जाणार नव्हतं. अण्णा मला म्हणाले, ‘मग आपण वाचलं तरी काय?’

त्या रात्री मी ते पान तुम्हाला पाठवलं. तुम्ही नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ भाषेच्या हस्तलिखितांवर काम करता एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून एका पानाचा फोटो आला. त्यावर वर्ष होतं ‘से आकात्ल’, एक बोरू, आणि खाली स्पॅनिश हस्ताक्षरातलं १५१९. एकाच पानावर दोन कालगणना तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या वाचल्या जात होत्या. तुम्ही लिहिलंत, ‘मूळ आहे तसं ठेवा. त्याच्या शेजारी इंग्रजी तारीख द्या, आणि ती कुणी काढली त्याचं नावही.’ मग तीन पानी मेल करून प्रकल्पवाल्यांनाही ते पटवून दिलंत. त्यांनी रकाना वाढवला. त्यांचं वाईट इच्छिणारं मन नव्हतंच. दुसरी कालगणना त्यांच्या टेबलावर कधी आलीच नव्हती, इतकंच.

‘तारीख काढणारे’ या रकान्यात अण्णांचं पूर्ण नाव पहिल्यांदा छापून आलं. याआधी त्यांचं काम तळटीपेत ‘स्थानिक साहाय्य’ म्हणून जायचं. श्रीमंत आणि गरीब देशांतलं अंतर मला पैशापेक्षा या दोन शब्दांत जास्त बोचत होतं. पैसे आमच्याकडे नव्हतेच, पण वाचन आमचं होतं, आणि ते तुम्ही आमच्या नावावर लावलंत.

तुम्हाला हे नवं नव्हतं म्हणा. संगणकाच्या मदतीने भाषा-इतिहासाचा अभ्यास करणं म्हणजे डिजिटल ह्युमॅनिटीज. त्यातल्या गरीब-श्रीमंत देशांतल्या अभ्यासकांना जोडायला २०१३ मध्ये ‘ग्लोबल आउटलुक डिजिटल ह्युमॅनिटीज’ हा गट उभा राहिला. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरलेल्या डिजिटल ह्युमॅनिटीजच्या परिषदेत त्या मंडळींनी काढलेला बिल्ला तुम्ही छातीवर लावला होतात: ‘मी या भाषेत कुजबुजते’. शेजारी बसलेल्याच्या कानात हळूच भाषांतर सांगायचं. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिला लागतो फक्त शेजारी बसायला तयार असलेला माणूस.

२०१८ ची तीच परिषद तुमच्या मेक्सिको शहरात भरली, लॅटिन अमेरिकेत पहिल्यांदाच. आमचं पोस्टर निवडलं गेलं, पण तिकिटाचे पैसे काही जमले नाहीत. तुम्ही ते तिकडे छापलंत आणि त्याच्यापाशी उभ्या राहिलात. तिकडे संध्याकाळ होती, इकडे पहाटेचे साडेचार. फोनच्या पडद्यावर मी बघत होते, तुम्ही कुणाला तरी स्पॅनिशमध्ये मोडीची रेघ हवेत ओढून दाखवत होतात. अण्णा स्वेटर घालून माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, ‘हात बरोबर चालतोय बाईंचा.’

वेबसाइटचंही तसंच. दर महिन्याला डॉलर मागणारं काहीतरी मी घेणार होते. तुम्ही याच क्षेत्रातले अभ्यासक अलेक्स गिल यांचा प्रश्न पुढे केलात: आपल्याला नेमकं काय लागतं? म्हणून साध्या टेक्स्ट फाइली, डेटाबेस नाही. आज आमची सगळी पत्रं एका पेनड्राइव्हवर मावतात आणि वीज गेली तरी अण्णांच्या मोबाइलवर उघडतात.

तंजावरच्या दरबारची मोडी पत्रं डेन्मार्कच्या संग्रहांतही आहेत. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग यांनी १९८३ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. ते आता आम्ही लावून बघतो आहोत, त्यातल्या तारखांसकट. अडलं की तुम्हालाच विचारणार.

सोबत एक लहानसं पार्सल निघालं आहे. ‘एक बोरू’ हे सालाचं नाव ऐकल्यापासून अण्णांच्या मनात होतं, म्हणून त्यांनी स्वतः तासलेला एक बोरू धाडला आहे. त्यांचा निरोप असा: शाई कमी घ्या, नाहीतर रेघ फुगते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
मोडीवाली