जवसाचं जेल शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

कुरळ्या केसांच्या आम्हा सगळ्या मैत्रिणींकडून मनापासून आभार. मुंबईत पावसाळा लागला आणि केस पिंजारले की बहुतेक पार्लरांत स्ट्रेटनिंग सुचवतात. तुम्ही आधी कारण समजावलंत. वळणदार केसावर डोक्याचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, वरचे खवले उचललेले राहतात आणि कोरडा केस हवेतली वाफ शोषून फुगतो.

केसांना लावायचं जवसाचं जेल तर तुमच्याइतकं नीट कुणी शिकवलं नव्हतं. पाव वाटी जवस, २ वाट्या पाणी, मंद आच. दाणे तळाला बसतात, म्हणून सतत ढवळायचं. ७-८ मिनिटांनी चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की गॅस बंद, आणि गरम असतानाच मलमलीतून गाळायचं. चूक होते ती इथेच. अजून घट्ट होऊ दे म्हणून थांबलं, तर गार झालेलं जेल कापडातून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की टाकून द्यायचं.

लावायचं ते केसांतून पाणी निथळत असतानाच. मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यात केस खालून वर मुठीने दाबायचे, टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस पापडासारखे कडक होतात, ते तसे व्हायलाच हवेत. २-३ थेंब खोबरेल तळहाताला चोळून केस मुठीत चुरले की कडकपणा जातो, वळण राहतं.

पांढरा भुगा पडतो त्याचा उलगडाही तुम्हीच केलात: न धुता केसांत तसंच ठेवायचं क्रीम जेलशी जुळत नसतं. दोन्हींचा एकेक थेंब तळहातावर मिसळून बघायचा, गुठळ्या झाल्या तर क्रीम बदलायचं. पावसाळ्यात घटकांच्या यादीत ग्लिसरीन वरती असलेलं क्रीमही नको, ते हवेतलं पाणी केसात ओढतं. बोअरचं पाणी असेल तर क्षार साठून केस राठ होतात, तेव्हा महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार धरून धुवून काढणारा घटक) असलेला शाम्पू.

आणि शाळकरी मुलींच्या आयांना तुम्ही बजावता, की कोरड्या केसांतून कंगवा ओढू नका, ओल्या केसांना कंडिशनर लावून टोकाकडून गुंता सोडवा. त्याबद्दल तुमचे वेगळे आभार.

तुमच्या,
कुरळ्या केसांच्या मैत्रिणी