एलियन, पेरू आणि पिवळी पाटी

सॅन डिएगो
१८ मे २०२५

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू "घुसखोराला घुसखोर म्हणायला लाज कसली" असं तावातावाने बोलत होतास आणि मी गाडी चालवत होतो, म्हणून नीट उत्तर देता आलं नाही. आज रविवार आहे, सविस्तर लिहितो.

गेल्या शनिवारी दात दाखवायला मेक्सिकोत, सीमेला लागून असलेल्या तिहुआनाला गेलो होतो. इथल्यापेक्षा खूप स्वस्तात काम होतं, त्यामुळे इकडची बरीच माणसं सीमेपलीकडे जातात. येताना सीमेवरच्या सॅन इसिद्रोच्या नाक्यावर अडीच तास रांग. गाड्यांच्या मधून गरम चुरो, म्हणजे तळलेल्या गोड कांड्या, विकणारे फिरत होते. मागे आमची मनू, वय वर्षं सात. मार्चमध्ये मी टॅक्सचे कागद भरत असताना तिने त्यात 'रेसिडेंट एलियन' (कायद्याच्या भाषेत इथे राहणारा परदेशी) वाचलं आणि तेव्हापासून घरात चौकशी चालू आहे. ती इथे जन्मली म्हणून नागरिक. मी ग्रीन कार्डवाला, म्हणून एलियन. अधिकाऱ्याने माझं कार्ड हातात घेतलं आणि मागून खणखणीत आवाज आला, "माझे बाबा एलियन आहेत!"

माझ्या पोटात गोळाच आला. तो मात्र मनापासून हसला. म्हणाला, "मधे चार वर्षं हा शब्द वापरू नका असं आम्हाला वरून सांगितलं होतं. यंदापासून परत चालतो."

आणि ते शब्दशः खरं आहे. एप्रिल २०२१ मध्ये बायडन सरकारने सीमेवरच्या खात्यांना सांगितलं की 'इलीगल एलियन' नको, 'अनडॉक्युमेंटेड नॉनसिटिझन', म्हणजे कागदपत्रं नसलेला बिगर-नागरिक, म्हणा. २०२५ मध्ये ट्रम्प आले आणि 'एलियन' परत आला. इतकी वर्षं मूळ कायद्यातून तो हललाच नव्हता. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात जो नागरिक नाही तो एलियन, आणि १७९८ च्या 'एलियन एनिमीज ॲक्ट'च्या नावातही हाच शब्द आहे. म्हणजे माझ्या कार्डाचं काय व्हायचं ते कायदे ठरवत होते. परिपत्रकं फक्त हाक बदलत होती.

हसणं संपलं आणि त्याने विचारलं, फळं वगैरे काही? मनूच्या पिशवीत अर्धा खाल्लेला पेरू होता. तो मी सांगितला. त्याचा चेहरा एकदम बदलला. पेरूतून फळमाशी आली तर इथल्या बागांची वाट लागते. हातमोजा घालून पेरू ताब्यात घेतला, मनू रडली, तरी दिला नाही. मला त्या माणसाचं फार पटलं. सीमा मला अशीच कडक हवी. मी अकरा वर्षं कागदांच्या रांगेत काढली आहेत, कुंपण नकोच म्हणणाऱ्यांच्यात मी कधीच नव्हतो.

पण तुझं ते "घुसखोराला घुसखोर म्हणायला लाज कसली" हे मला पटत नाही. ५ फेब्रुवारी आठव. अमेरिकेचं लष्करी विमान १०४ जणांना बेड्या घालून अमृतसरला उतरलं, त्यात तिघं महाराष्ट्रातले. त्या रात्री तू मला फोन केलास, आवाज कापत होता. तेव्हा तू त्यांना 'आपली पोरं' म्हणालास. बरोबरच म्हणालास. कायदा त्यांनी मोडला होता, तरी 'घुसखोर' तुझ्या तोंडून निघाला नाही, कारण ती कुणाची तरी पोरं होती. मग पलीकडून आलेल्या होंडुरासच्या माणसाला तोच मान द्यायला काय हरकत आहे? परत पाठवायचं तर पाठवा. नाव मात्र माणसाचं ठेवा.

मी २००९ मध्ये इथे आलो तेव्हा आय-फाइव्ह हायवेवर एक पिवळी पाटी होती. काळ्या आकृत्या: पुढे वाकून धावणारा बाप, मागे आई, आणि तिने हाताला धरून ओढलेली मुलगी, दोन्ही वेण्या हवेत. वर फक्त 'सावधान'. हायवे ओलांडताना माणसं गाड्यांखाली मरत होती, म्हणून रस्ते खात्यातल्या जॉन हूड यांनी तिच्यावरचं चित्र काढलं. ते नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचे होते, व्हिएतनाम युद्धात लढलेले. त्या पाटीवर लीगल नाही, इलीगल नाही, एलियनही नाही. ड्रायव्हरला एवढंच कळायचं की माणसं आहेत, ब्रेक दाब. आता तशी एकही पाटी उरली नाही, टी-शर्टवर मात्र सगळीकडे दिसते. तू आलास की एक तुझ्यासाठी घेऊन ठेवतो. घालशील ना?

जूनमध्ये दाताची कॅप बसवायला परत जायचंय. मनूला आत्ताच बजावलंय, पेरू तिकडेच संपवायचा. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शिऱ्या