विश्वकर्मा प्रशिक्षणात आरपार कुसवाचा साचाही हवा

संपादक महोदय,

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात आणि पाच ते सात दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन. योजना चांगलीच आहे. माझं मागणं एवढंच, की या प्रशिक्षणात आरपार कुसू बसवण्याचा साचा, मुलं ज्याला जिग म्हणतात तो, प्रत्येकाकडून करून घ्यावा. आरपार कुसू म्हणजे आडव्या दांड्याचं बारीक केलेलं टोक, जे पायातल्या भोकातून थेट पलीकडच्या तोंडापर्यंत जातं.

आज बाक घ्या नाहीतर स्टूल, आडव्या दांड्याच्या तोंडात दोन स्क्रू मारून मोकळं व्हायचं अशी रीत पडली आहे. लाकडाच्या तोंडातून गेलेला स्क्रू नीट धरत नाही. कोकणातले दोन-चार पावसाळे गेले की बाक डुलायला लागतो. मुलांना हे कळतं. पण कुसवासाठी पायातलं आरपार भोक दोन्ही अंगांनी खणावं लागतं आणि मध्यावर ती भोकं जुळली नाहीत तर महागाचं सागवान वाया जातं, याची त्यांना धास्ती असते.

साच्याला खर्च म्हणाल तर जवळजवळ नाहीच. १८ मिलिमीटर प्लायचा एक तुकडा, त्यात भोकाच्या मापाची खिडकी आणि कडेला ठोकलेली एक पट्टी. ही पट्टी प्लायच्या वर आणि खाली, दोन्हीकडे बाहेर आली पाहिजे. सगळी मेख इथेच आहे! बाकाचा पाय उलटा केला तरी पट्टी त्याच कडेला टेकते आणि खिडकी बरोबर समोरासमोर येते. भोकाच्या जागेची रेघ मात्र गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचं हत्यार, लावून चारही अंगांवर फिरवून घ्यायची. मग पटाशीने अर्धं इकडून, अर्धं तिकडून.

भोक बाहेरच्या तोंडाला किंचित पसरट ठेवावं, कुसवाला दोन चिरा देऊन त्यांत पाचरी ठोकाव्यात. पाचरींचा दाब पायाच्या लांबीच्या दिशेने यायला हवा. आडवा आला तर पाय उभा चिरतो. एवढं सांभाळलं तर हा सांधा पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही.

साच्याने हात बिघडतो असं काही जुनी कारागीर मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. पटाशी मुलाच्याच हातात असते, धारही त्यालाच लावावी लागते.

प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी एक पूर्ण दिवस या सांध्याला द्यावा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या केंद्रांना नमुन्याचे साचे मी विनामूल्य करून देईन.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (सुतारकाम), रत्नागिरी