मायच्या संत्र्याची जंबेरी झाली

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीतल्या तुझ्या पत्राचे उत्तर राहून गेले. फोनवर बोलणे होतच असते, या सबबीवर माणूस किती आळशी होऊ शकतो हे तुला निराळे सांगायला नको. प्रकृती बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत आणि साखर आटोक्यात आहे. आज लिहायला बसण्याचे कारण एवढेच, की परसातल्या त्या संत्र्याची जंबेरी (ते खडबडीत सालीचे आंबट लिंबू, ज्याच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा अंकुर, बांधून कलम करतात) झाली, आणि गावात ज्याला सांगावे तो "मग लोणचं घाला नं" असे म्हणून मोकळा होतो.

न्हाणीघर बांधले त्या साली गवंड्याने पायव्यातून निघालेली सगळी माती झाडाच्या बुंध्याशी लोटून दिली आणि वरून ती चोपून सारखीही केली. कलमाचा जोड त्या मातीत गाडला गेला. आपली काळी माती पावसाळ्यात किती दिवस ओल धरून ठेवते ते तू जाणतोस. पोळ्याच्या सुमारास साल उभी तडकून तिच्यातून तांबूस डिंक ओघळू लागला, तेव्हा माती उकरून जोड मोकळा केला, सडकी साल पांढऱ्या लाकडापर्यंत खरवडली आणि एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या आपल्या नेहमीच्या हिशेबाने, घरच्यापुरते बोर्डोमलम करून फासले. डिंक्या रोगाने तोवर बुंध्याला चहूकडून वेढले होते. पुढच्या उन्हाळ्यात फांद्या वाळून त्यांची सल झाली आणि नवतपा संपेपर्यंत वर हिरवे असे काही उरले नाही.

त्या पावसाळ्यात मी मुलीकडे नागपूरला होतो. तिथे घरून आनंदाचा फोन आला, की झाड पुन्हा फुटले, हातभर लांब कोंब आले. परत येऊन पाहतो तो चांगले दोन पुरुष उंचीचे, जाड काट्यांचे पानसोट! घरादाराचा उत्साह पाहून मी काही बोललो नाही. यंदा माघात त्यावर पहिल्यांदा कळ्या धरल्या. संत्र्याची कळी कशी पांढरीशुभ्र असते. हिच्या पाकळ्यांवर बाहेरून जांभळट छटा होती, आणि कोवळी पालवीही तशीच तांबूस-जांभळी. पान चुरगळून पाहिले तर वास लिंबाचा. तेव्हाच समजलो, की वरचे संत्रे गेले आणि खालचा खुंट मालक होऊन बसला आहे.

घरी मात्र आता फळे पिवळी पडू लागेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. उलगडा केला तो वानरांच्या टोळीने. त्यांनी आधी पपईचा फडशा पाडला, कुंपणावरच्या वालाच्या शेंगा ओरबाडल्या, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा तुडवला, आणि मग एक थोराड वानर या झाडावर चढले. त्याने एक फळ तोडले, देठाकडची मान आलेली ती खडबडीत साल दातांनी सोलली, एक घास घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि फळ थेट न्हाणीघराच्या पत्र्यावर भिरकावले. सूनबाई अंगणातून ओरडली, "बाबाजी, संत्रं आंबट निंघालं वाट्टे!" तेव्हापासून टोळी त्या झाडाच्या वाटेला जात नाही. आपल्या कृषी सहायकापेक्षा त्या वानराची पारख चोख आहे, असे मी चावडीवर बोललो आणि ते त्यांच्या कानी गेले, हा भाग निराळा.

आता जुने भांडण काढतो, रागावू नकोस. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर बांध, असे मी हे कलम केले त्या दिवशी तुझ्या डोक्याशी उभा राहून सांगत होतो. तू मात्र "माझ्या आज्याने चार बोटांवर बांधले अन् झाडं साठ वर्षं टिकली" असे म्हणत चार बोटांवरच बांधलास. जोड वीतभर वर असता तर गवंड्याची माती तिथवर पोहोचलीच नसती. तुझा आजा थोर होता, पण त्याच्या वाडीत न्हाणीघर नव्हते.

खरी काळजी पुढेच आहे. तुझा वाडा ज्याने घेतला, तो संक्रांतीनंतर मागची वाडी सपाट करून तिथे गोदाम उभारणार आहे. तसे तो स्वतःच सांगत होता, आणि माणूस वाईट नाही. विहिरीजवळचे मायचे झाड जाणार. आपल्या परसातल्या संत्र्यावर डोळा त्याच झाडाचा होता, म्हणजे आता ती जात या गावात त्या एका झाडावर उरली आहे. वरूडच्या मंडईत ढिगाने येणारा संत्रा मी काही कमी खाल्लेला नाही; पण मायच्या झाडाचे ते सैल सालीचे, जरा चपटे फळ, त्याची गोडी आणि मागून येणारा तो किंचित आंबटपणा मला दुसरीकडे मिळाला नाही. हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत असे कोणी म्हणेल. तू म्हणणार नाहीस.

साधा उपाय दिसतो तो असा, की डोळे बांधण्याचा हंगाम आताच आहे, तेव्हा मायच्या झाडाची डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची काडी, आणावी आणि आपल्या जंबेरीच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांवर डोळे बांधावेत. मुळे जुनी आणि खोल आहेत, दोन-तीन वर्षांत फळ धरेल. सूनबाईसाठी एक फांदी जंबेरीचीच ठेवावी, म्हणजे तिचे लोणचेही चालू राहील. पण मी परवा मायचे झाड जवळून पाहून आलो, बाळू, आणि माझे मन कचरले. शेंडे वाळत चालले आहेत, पाने बारीक झाली आहेत आणि काही फांद्यांवर पिवळे-हिरवे चट्टे आहेत. ते चट्टे जस्ताच्या कमतरतेचेही असतात आणि ग्रीनिंग रोगाचेही. पानावरून छातीठोक सांगणे कठीण. रोगट झाडाचा डोळा बांधला तर रोगही सोबत येतो, आणि तो आपल्या झाडावरून सिट्रस सायला ही बारीक कीड शेजारच्या बागेत नेऊन पोहोचवते. शेजारी कोणाची बाग आहे ते तुला माहीत आहे. आधीच धुऱ्यावरून बोलणे बंद आहे.

तू म्हणशील, शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतून चांगली कलम आण किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेतून रोगमुक्त रोप आण आणि विषय संपव. बागवान म्हणून मी कोणालाही हाच सल्ला देईन. पण ते झाड मायचे नसेल.

म्हणून बिया लावण्याचा विचार मनात घोळतो आहे. बियांच्या संत्र्याला तू जन्मभर हसत आलास, आणि तुझे आक्षेप खरेच आहेत: झाड काटेरी होते, उंच जाते, फळायला सात-आठ वर्षे घेते. पण आपल्या नागपुरी संत्र्याची एक मोठी खुबी अशी, की एका बीतून दोन-तीन अंकुर निघतात आणि त्यातले बहुतेक परागाशी संबंध नसलेले, निव्वळ आईच्या पेशींतून आलेले असतात. म्हणजे ती रोपे गुणाने आईसारखीच निघतात. एखादे वेगळ्या वाणाचे रोप उगवले तर त्याची वाढ आणि पाने बाकीच्यांशी जुळत नाहीत, ते उपटून टाकता येते. त्यातही मोठी गोष्ट ही, की असले रोग बियांतून सहसा उतरत नाहीत. आई आजारी असली तरी लेक निरोगी निघते. बी मात्र ताजी लावावी लागते, वाळली की उगवत नाही, आणि ती कपाटात जपून ठेवण्याची सोय नाही. झाडावर आंबिया बहाराची थोडी फळे अजून आहेत, पण ती किती दिवस राहतील ते वानरे ठरवणार.

सात-आठ वर्षे या आकड्यावर मी अडतो. गुडघ्यांचे हे आणि साखरेचे ते धरून हिशेब केला, की तो कधी जुळतो, कधी जुळत नाही. घरी म्हणतात, या वयात भेदरं (टमाटे) - वांगी लावावीत, तीन महिन्यांत हाती येतात. ती मी लावलीच आहेत. भेदरं यंदा चांगली लागली, शेवग्याला शेंगा धरताहेत. पण संत्र्याच्या जागी भेदरं लावून माणसाला झोप लागत नाही.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन चांगले झाले हे कळले, आनंद वाटला. धाकटीची परीक्षा कधी आहे? तुझ्या गॅलरीतल्या कुंडीतला मोगरा फुलत नाही म्हणालास. त्याची वेळेवर छाटणी कर आणि पुण्याच्या हवेला दोष देणे थांबव.

माझे ठरत आले आहे ते असे: बिया लावायच्याच, आणि डोळकाडीही आणायची, पण ती जंबेरीच्या एकाच फांदीवर बांधून पाहायची, फुटव्यावर तसलेच चट्टे आले तर फांदी कापून जाळून टाकायची. यात तुझा विरोध असेल तर लगेच कळव, नंतर बारशाला येऊन भांडू नकोस. आणि तुझे काम एवढेच, की येत्या रविवारच्या आत वाडा घेणाऱ्याला फोन कर आणि मला विहिरीपर्यंत जाऊ देण्यास सांग. मी विचारले तर तो "हो हो" म्हणतो आणि फाटकाला कुलूप असते. तुझा शब्द तो मोडणार नाही. जमले तर संक्रांतीच्या आधी दोन दिवस ये आणि तुझा तो डोळे बांधायचा चाकू घेऊन ये, माझ्याचे पाते गेले आहे. या खेपेला डोळा किती उंचीवर बांधायचा ते मी सांगेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वामन