रजईबद्दल, रागावण्याआधी

पुणे, 27 नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आई, तू अर्धं ऐकून "थांब, यांच्याशी बोल" म्हणतेस आणि बाबा "बरं, बघू" म्हणून ठेवून देतात. या खेपेला "बघू" नको होतं, म्हणून लिहिते आहे. राजूदादा हे पत्र आणि दोन गाठोडी घेऊन येईल. आधी पत्र वाचा, मग गाठोडी सोडा. त्याच्यावर चिडू नका, त्यानं मी सांगितलं तेवढंच केलं.

तर, मोठी रजई उसवली. तुम्ही इंदूरला मावशीकडे होतात त्या आठवड्यात राजूदादानं ती पेटीतून काढून दानाओलीतल्या रजईवाल्याकडे नेली. तिच्या जागी आता दोन रजया आहेत, सिंगल, नव्या कापसाच्या. झालं. सगळ्यात अवघड वाक्य लिहून झालं.

आई, तू म्हणशील अजून पाच-सात हिवाळे निघाले असते. नसते गं निघाले. दिवाळीत मी ती उन्हात घातली तेव्हा दोरीवर पसरून पाहिलं, मधल्या भागात कापडाच्या आरपार उजेड दिसत होता आणि कडेला मुठीएवढे गोळे. पोकळ जागेतून थंडी शिरणार आणि गोळे नुसते अंगावर दडपण. जानेवारीत ग्वाल्हेरला पारा दोन-तीन अंशांवर उतरतो तेव्हा तुम्ही तीवर सोलापुरी चादर, चादरीवर शाल आणि शालीवर बाबांचा जुना ओव्हरकोट घालून झोपता, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तू नाही सांगितलंस.

बाबा, ऊब वजनात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते, हे मला शाळेनं नाही शिकवलं. मिलमधून आल्यावर जेवताना तुम्ही शिकवलंत. कापूस दर पिंजणीला तुटतो, तुटला की तंतू आखूड होतो, आणि आखूड तंतू शेजारच्याला धरून राहत नाही, हेही तुमचंच. मग आजीच्या वेळेपासून जो कापूस पुन्हापुन्हा पिंजून त्याच रजईत भरला, त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच सांगा. रजईवाल्यानं चिमूटभर कापूस दोन बोटांत धरून ओढून दाखवला, राजूदादानं मला व्हिडिओ पाठवला. धागा निघेचना. बोटांवर नुसता पिवळट भुगा. तुम्ही तिथे असतात तर त्याच्याआधी तुम्हीच म्हणाला असतात, "याच्यात आता जीव नाही."

आणि तो भुगा कुठे जात होता? विरलेल्या कापडातून बाहेर, तुमच्या नाकातोंडात. पहाटेचा खोकला तुम्ही धुक्याच्या नावावर खपवता. मार्चमध्ये रजई पेटीत गेली की तो खोकलाही कमी होतो, हे आईच्या लक्षात आलंय, विचारा तिला. तुमची छाती कापसाला किती हळवी आहे ते आम्ही लहानपणी पाहिलंय. रविवारची सुटी झाली की सोमवारी कामावर छाती भरून यायची आणि आठवडा सरेल तशी सैल व्हायची. कापसाच्या धुळीचा त्रास असाच असतो, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त. म्हणून तर पिंजाऱ्याला अंगणात बोलावू दिलं नाही. मला माहीत आहे, तुम्हाला खुर्ची टाकून समोर बसायचं होतं, त्याला दोन गोष्टी सुनवायच्या होत्या. आता मशीनवर पिंजतात बाबा, ती धनुकलीची तुंई-तुंई राहिली नाही, नुसती घरघर आणि धूळ. तुमचं काही बुडालेलं नाही.

आता वजनाचं. जुनी रजई काट्यावर ठेवली तेव्हा साडेपाच किलो भरली. आई, तुझा डावा खांदा कानापर्यंत जात नाही, केस विंचरताना तू मान खाली घालून हाताशी आणतेस, आणि रोज सकाळी साडेपाच किलोची घडी घालतेस. शुगर असली की खांदा असा धरू शकतो, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. नव्या रजयांत प्रत्येकी पावणेदोन किलो कापूस आहे. हातात घेतल्यावर तुला वाटेल यात काहीच नाही, फसवलं. एक रात्र पांघरून बघ आणि मग बोल.

दुसरं काही घ्यायचा विचार केला नाही असं नाही. राजूदादाचं म्हणणं होतं मेळा लागू दे, तिथून दोन मिंक ब्लँकेटं उचलू. (मेळा म्हटल्याबरोबर बाबा "माधवराव शिंदे महाराजांनी 1905 साली हा मेळा..." सुरू करणार, म्हणून हा विषय मी आवरता घेतला.) ती ब्लँकेटं दिसायला छान, पण पॉलिएस्टरची. अंगाला घाम येतो, स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात, आणि धुवायला काढली तर भिजलेलं ब्लँकेट उचलायला तुम्हा दोघांत मिळून एकही खांदा धड नाही. बंडूनं तिकडून इलेक्ट्रिक ब्लँकेट पाठवतो म्हटलं. मी त्याला सरळ नाही सांगितलं. आईच्या तळपायांना गरम-थंड नीट कळत नाही, भाजलं तर सकाळी कळेल. मनापासून म्हणत होता बिचारा, पण नाही.

एक मात्र मला खुपत होतं, आणि तुम्ही ते बोलून दाखवणार नाही हेही ठाऊक आहे. इतकी वर्षं एका रजईत झोपलेल्या माणसांना लेकीनं दोन रजया आणून दिल्या. त्यात दुसरं काही नाही हो. आई रात्री दोन-तीनदा उठते, उठली की थंडीची लाट बाबांच्या पाठीत शिरते, ते झोपेतच रजई ओढून घेतात आणि परत आलेली आई कडेला उरलेल्या वीतभर कापडात झोपते. मी दिवाळीत शेजारच्या खोलीत होते, मला दिसत होतं. म्हणून दोन. पण दोन्हींच्या एकेका लांब कडेला मी बंद लावून घेतलेत, आपल्या झबल्यांना असायचे तसे, कापडाचेच. समोरासमोर बांधले की एकच मोठी रजई होते. बांधायचे की सोडायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही.

आजीचं लुगडं शाबूत आहे. आतल्या अस्तराचं ते महेश्वरी, ज्याचे काठ अजून हिरवे आहेत. रजईवाला म्हणाला विरलंय, टाका. मी म्हटलं हात लावू नका. धुवून, जिथे धड होतं तेवढं काढून आईच्या रजईला तोंडाच्या बाजूनं पट्टी लावली आहे, आणि उरलेलं घडी घालून गाठोड्यात आहे. बाबांच्या रजईला मांजरपाटाचीच पट्टी. दाढी घासून ती दरवर्षी फाटणार आणि आई दरवर्षी बदलणार, तिथे लुगडं वाया कशाला घालवू? लाल चिटाचा अभ्रा मात्र गेला, तो खरोखर चिंधी झाला होता. माझ्या निळ्या ट्यूनिकचं ठिगळ तेवढं मी मागून घेतलंय, ते पुण्याला येईल.

उसवताना शिवणीतून तीळ निघाले, आई. गजकाचे! तू ओरडायचीस, अंथरुणात खायचं नाही, मुंग्या येतील, आणि बाबा मुरैन्याची गजक गुपचूप बंडूच्या हातात द्यायचे. मेळ्यातून कुडकुडत यायचो आम्ही, त्या थंडीत सॉफ्टी खाऊन, ओठ निळे, आणि तू काही न बोलता तिघांना त्या रजईखाली ढकलायचीस. आणि सकाळी शाळेच्या वेळेला आमचे मोजे, स्वेटर तू पहाटेच रजईत सरकवून ठेवलेले असायचे. मला कित्येक वर्षं वाटायचं सगळ्यांचे मोजे घालताना गरमच असतात. इथे पुण्यात कसली थंडी, तरी डिसेंबरात मी चिन्मयचा स्वेटर त्याच्या पांघरुणात ठेवते. तो म्हणतो, आई, काय हे!

बरं, आता ऐका.

रजई धुवायची नाही. हातानं नाही, मशीनमध्ये तर नाहीच. पाणी लागलं की कापूस बसतो आणि परत गोळे. वरून सुती खोळी दिल्या आहेत, प्रत्येकीला दोन, त्या गरम पाण्यात धुवा. रजईला ऊन दाखवायचं ते धुकं विरल्यावर, अकरानंतर, आणि अंगणातल्या खाटेवर. गच्चीत न्यायची नाही. आई, जिना तुझ्यासाठी बंद आहे. बाबा, काठीनं झोडपायची नाही, टाके चार-चार बोटांवर जवळजवळ घालून घेतलेत, कापूस हलत नाही, झोडपायची गरजच नाही. मावठं पडलं आणि ऊन नसेल त्या दिवशी तशीच राहू द्या, आकाश कोरडं होईपर्यंत वाट बघा. उन्हाळ्यात पेटीत ठेवताना डांबरगोळ्या टाकू नका, त्या वासानंही बाबांना ठसका लागतो. वाळवलेला कडुनिंब पुरतो.

आणि सिगडी. खोलीत सिगडी ठेवून दार लावून झोपायचं नाही, म्हणजे नाही. निखारे विझत आलेत असं वाटलं तरी त्यातून वायू निघत असतो, त्याला वास नसतो, झोपेत कळत नाही. हात शेकायचे ते ओसरीवर. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरुणात आधी ठेवा, झोपायच्या वेळी बाहेर काढा. आई, पिशवी किती गरम आहे ते पायानं बघायचं नाही, मनगटानं बघ किंवा बाबांना बघायला सांग. हीटर लावलात तर रजईची कड त्याच्यापासून लांब.

मी फारच सांगतेय ना? सांगू दे. इथून दुसरं काय करता येतं मला.

राजूदादाला पैसे द्यायचे नाहीत, मी दिलेत. आकडा विचारू नका, तो सांगणार नाही. त्याला पोहे आणि चहा मात्र द्या, फार धावपळ केली त्यानं. जानेवारीत चिन्मयला घेऊन येते आहे, झेलमचं तिकीट काढलंय. धुक्यात गाडी किती लटकेल काही सांगता येत नाही, तेव्हा स्टेशनवर कोणी यायचं नाही, आम्ही रिक्षा करू. मला जुन्या चादरी चालतील, पाहुण्यांसाठी म्हणून या नव्या रजया काढून देऊ नका.

तुमची,
मनू

ता. क. जुन्या कापसातला जो बरा निघाला, तेवढ्याची बाबांच्या आरामखुर्चीची गादी करून घेतली आहे, जाड कापडात, दुहेरी शिवण घालून, म्हणजे भुगा बाहेर येणार नाही. ती पुढच्या आठवड्यात मिळेल. रंग लालच सांगितला आहे. आई, तो खोलीच्या पडद्याशी जुळत नाही हे मला माहीत आहे.